दस्तऐवज नेटवर टाकताना: काय सापडावे, काय सापडू नये

संस्था, मंडळे, विद्यार्थी संघटना आणि तथ्यशोधन समित्या आता आपले बरेचसे कागद नेटवर ठेवू लागल्या आहेत. ॲट्रॉसिटी कायद्याची मार्गदर्शिका, शिष्यवृत्तीची माहिती, जातीच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी, शिबिरांचे वृत्तांत, गावभेटींचे अहवाल. हे कागद टाकताना बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न विचारला जातो: हे सार्वजनिक करायचे का? खरे तर प्रश्न दोन आहेत. कागद कुणालाही वाचता यावा का, हा पहिला. गूगलवर एखादे नाव, गाव किंवा मोबाइल नंबर टाकल्यावर तोच कागद समोर यावा का, हा दुसरा. दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून त्याचे उत्तर आपल्या वतीने सर्च इंजिन देऊन टाकते.

परिणाम बहुधा उलटा होतो. ज्या मुलीला स्वाधार योजनेची माहिती हवी असते तिला संस्थेची पुस्तिका सापडत नाही, कारण ती श्रीलिपीत टाइप करून, छापून, पुन्हा स्कॅन करून पीडीएफ केलेली असते. सर्च इंजिनच्या दृष्टीने ते पानांचे फोटो असतात. त्याच संस्थेच्या शिबिराची हजेरी मात्र एक्सेलमध्ये, युनिकोड मराठीत, नाव-गाव-मोबाइल अशा रकान्यांसह असते आणि ती चटकन वर येते. क्षेत्रात काम करताना आम्ही हे चित्र इतक्यांदा पाहिले आहे की या विषयावर एकदा सविस्तर माहिती एकत्र द्यावी असे वाटले.

शोध कसा लागतो

सर्च इंजिन आपण प्रश्न विचारल्यावर नेट धुंडाळायला निघत नाही. ते काम आधीच झालेले असते. त्याचे स्वयंचलित प्रोग्राम, म्हणजे क्रॉलर किंवा बॉट, एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात राहतात आणि जे वाचता आले ते घेऊन येतात. त्यातून एक प्रचंड सूची तयार होते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशीच ही, फक्त सगळ्या नेटची. तिला इंडेक्स म्हणतात. आपण शब्द टाकला की इंजिन त्या सूचीत पाहते आणि कोणते पान आधी दाखवायचे ते ठरवते.

या तीन पायऱ्या वेगवेगळ्या लक्षात ठेवल्या की पुढचे सगळे सोपे जाते: वाचणे, सूचीत घालणे, क्रम लावणे. कारण प्रत्येक पायरीवर अडवण्याचे साधन वेगळे आहे, आणि सगळा घोळ एका पायरीचे साधन दुसरीवर वापरल्याने होतो.

पाटी आणि कुलूप

संकेतस्थळाच्या मुळाशी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची एक छोटी मजकूर-फाइल ठेवता येते. अमुक फोल्डरमध्ये बॉटनी जाऊ नये, असे तीत लिहिलेले असते. १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी ही पद्धत सुचवली आणि पुढे जवळजवळ तीन दशके ती केवळ परस्पर समजुतीवर चालली. २०२२ मध्ये तिला आयईटीएफ या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे औपचारिक रूप मिळाले. त्या मानकातच स्पष्ट म्हटले आहे की हे नियम म्हणजे प्रवेशावरचे नियंत्रण नाही. मोकळ्या फाटकावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावावी, तसे हे आहे. भले बॉट पाटी वाचून परत फिरतात. बाकीचे फिरतीलच असे नाही, आणि माणसांना तर पाटी लागूच नाही.

यात आणखी एक गोम आहे. ही फाइल बॉटला पान वाचू देत नाही, पण पानाचा पत्ता सूचीत जाण्यापासून अडवत नाही. आपल्या अहवालाची लिंक दुसऱ्या कुणी आपल्या पानावर दिली असेल, तर गूगल तो पत्ता न वाचताच सूचीत घालू शकते. मग निकालात मजकुराचे वर्णन नसते, पण पत्ता दिसतो, आणि पत्त्यातच पीडितेचे नाव असेल तर झाकायचे काही उरत नाही. शिवाय ही फाइल कुणीही उघडून पाहू शकतो. ‘गोपनीय-जबाब’ नावाचा फोल्डर त्यात लिहून ठेवणे म्हणजे तो कुठे आहे ते जाहीर करणे.

सूचीत घालू नका असे सांगण्याचे खरे साधन ‘नोइंडेक्स’ ही खूण आहे. ती पानाच्या आतल्या कोडमध्ये असते. बॉट पान वाचतो, खूण पाहतो आणि ते पान निकालात दाखवत नाही. आता गंमत पाहा. खूण दिसण्यासाठी बॉटला पान वाचता आले पाहिजे. अनेक जण खबरदारी म्हणून दोन्ही लावतात, नोइंडेक्सही आणि रोबोट्सच्या फाइलमधली बंदीही. बंदीमुळे बॉट आत येत नाही, आत न आल्याने खूण दिसत नाही, आणि पत्ता सूचीत तसाच राहू शकतो. जे सूचीतून काढायचे आहे तिथे बंदी घालू नये, हे उलटे वाटले तरी बरोबर आहे. काही जुन्या मार्गदर्शनात रोबोट्सच्या फाइलमध्येच नोइंडेक्सची ओळ लिहायला सांगितलेली असते. गूगलने ती मानणे १ सप्टेंबर २०१९ पासून बंद केले आहे.

मोठ्या कंपन्यांचीही इथे गफलत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सामील होण्याच्या हजारो लिंक गूगलवर सापडत असल्याचे उघड झाले. ग्रुप खाजगी, पण त्यांची निमंत्रण-लिंक कुणी तरी कुठे तरी उघड्यावर टाकलेली, आणि तिथून ती सूचीत गेलेली. मार्च २०२० पासून अशा पानांवर नोइंडेक्सची खूण घातली आहे, असे कंपनीने नंतर सांगितले. तरी जानेवारी २०२१ मध्ये तशाच लिंक पुन्हा दिसल्याच्या बातम्या आल्या. आपले कितीतरी ग्रुप आजही पोस्टरवर लिंक छापून चालतात. त्यात वाईट काही नाही, पण अत्याचाराच्या प्रकरणाचे समन्वय-ग्रुप त्या पद्धतीने चालवू नयेत. तशी लिंक एकदा बाहेर गेली असेल तर ग्रुपच्या सेटिंगमध्ये ती रद्द करून नवी घेता येते.

नोइंडेक्सही कुलूप नाही. पत्ता ज्याच्याकडे आहे तो पान उघडतोच. ज्या कागदामुळे कुणाच्या जिवाला, नोकरीला किंवा खटल्याला धोका आहे, त्यावर पासवर्ड हवा किंवा तो नेटवर नकोच.

पीडीएफ, एक्सेल आणि ड्राइव्ह

नोइंडेक्सची खूण वेबपानात घालता येते, पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये नाही. या फाइलींसाठी सर्व्हरकडून ‘एक्स-रोबोट्स-टॅग’ नावाची सूचना पाठवावी लागते आणि ती होस्टिंगच्या सेटिंगमधून करावी लागते. वर्डप्रेस वापरणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. त्यात ‘सर्च इंजिनना परावृत्त करा’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो. तो निवडला की पानांवर खूण लागते, पण अपलोड केलेल्या पीडीएफवर ती लागत नाही. उलट बाजूही आहे: संकेतस्थळ तयार होत असताना कुणी तरी हा पर्याय निवडतो, उद्घाटन होते, हार-फुले होतात, आणि पर्याय तसाच राहतो. मग वर्षभर ‘आपली साइट गूगलवर का येत नाही’ यावर चर्चा चालते.

गूगल ड्राइव्हवर ‘लिंक असणारा कुणीही’ हा पर्याय सर्रास वापरला जातो. अशी फाइल आपोआप निकालात येत नाही, पण तिची लिंक एखाद्या उघड्या पानावर पडली की येऊ शकते. जुलै २०१८ मध्ये रशियाच्या यांडेक्स या सर्च इंजिनवर लोकांची अशी अनेक गूगल डॉक्स दिसू लागली होती. कार्यकर्त्यांची यादी, वर्गणीचा हिशेब, वसतिगृहातल्या मुलामुलींची माहिती अशा फाइली ठरावीक ईमेल पत्त्यांनाच उघडाव्यात. जरा कटकट होते, पण तेवढी करावी.

सरकारी यंत्रणांचा अनुभव पाहिला तरी धोक्याचा आवाका कळतो. मे २०१७ मध्ये ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ या संस्थेने चार सरकारी पोर्टल तपासली. निवृत्तिवेतन आणि रोजगार हमीसारख्या योजनांच्या लाभार्थी याद्यांमधून सुमारे १३ ते १३.५ कोटी आधार क्रमांक उघड झाले असावेत, असा अंदाज तिने मांडला. यात हॅकिंग नव्हते. पारदर्शकतेसाठी ठेवलेल्या याद्याच होत्या. आपल्या संस्थाही देणगीदारांना हिशेब दाखवायचा म्हणून लाभार्थींची नावे, फोटो, जात आणि शाळा एकत्र टाकतात. हिशेबाला संख्या पुरते. किती विद्यार्थ्यांना किती रुपये, एवढे सांगितले की पारदर्शकता पूर्ण होते. अकरावीत मदत घेतलेल्या मुलाचे नाव तो नोकरीच्या मुलाखतीला जाईल तेव्हाही ‘गरजू विद्यार्थी’ या शब्दांसोबत दिसावे, याला काही कारण नाही.

फाइल टाकण्यापूर्वी आणखी काही गोष्टी तपासाव्यात. पीडीएफमधल्या नावावर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर तसाच राहू शकतो. तो निवडून कॉपी केला की नाव वाचता येते आणि सर्च इंजिनलाही ते दिसते. नाव मूळ फाइलमधूनच काढून मग पीडीएफ करावी. एक्सेलमध्ये लपवलेले रकाने लपलेले नसतात. मोबाइलने काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद असू शकते. आणि फाइलचे नाव! आत सगळे झाकून फाइलला पीडितेच्या नावानेच सेव्ह केलेले आम्ही पाहिले आहे.

नाव झाकले की अत्याचारही झाकला जातो का?

हा प्रश्न आपल्या बैठकांत नेहमी उठतो आणि तो रास्त आहे. नाव, चेहरा, गाव सांगितल्याशिवाय समाज हलत नाही, माध्यमे दखल घेत नाहीत. गुप्तता बहुतेक वेळा आरोपीच्याच सोयीची ठरते. म्हणून ‘सगळे झाकून टाका’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही. पण कायदा काय सांगतो ते आधी पाहावे लागेल.

लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख जाहीर करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २२८-अ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ आहे. पीडित अल्पवयीन असेल तर पॉक्सो कायद्याचे कलम २३ लागते. निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सांगितले की नावच काय, जिच्यावरून ओळख पटेल अशी माहितीही देता येणार नाही. पीडिता हयात नसली आणि कुटुंबाची संमती असली तरीही ती द्यायची का, हे सत्र न्यायाधीशाने ठरवायचे आहे. श्रद्धांजलीच्या पोस्टरवर फोटो छापणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे. हेतू चांगला होता हा बचाव ठरत नाही.

ॲट्रॉसिटी कायद्याच्या बाबतीत कमी माहीत असलेली तरतूद कलम १५-अ ची आहे. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमात पीडित आणि साक्षीदारांचे हक्क दिलेले आहेत. त्याच्या उपकलम ८ नुसार विशेष न्यायालय आपल्या आदेशांत, निकालांत आणि लोकांना पाहता येतील अशा नोंदींत साक्षीदारांची नावे-पत्ते झाकण्याचा उपाय करू शकते. म्हणजे जे नाव न्यायालयालाही झाकता येते, ते आपल्या अहवालामुळे गूगलवर आले तर आपणच त्या साक्षीदाराला उघडे पाडले. खटला उभा राहायला वर्षे लागतात. तोवर साक्षीदार त्याच गावात, अनेकदा आरोपीच्याच शेतावर मजुरीला जात असतो.

मग अहवाल कसा लिहावा? आमच्या मते दोन प्रती कराव्यात. मूळ प्रतीत सगळी नावे, जबाब, फोटो असतील. ती वकील, आयोग आणि समिती यांच्यापुरती, नेटबाहेर. दुसरी सार्वजनिक प्रत. तीत व्यक्ती ‘साक्षीदार १’, ‘पीडितेची आई’ अशा, पण गाव, तालुका, जिल्हा, वर्ष, लावलेली आणि न लावलेली कलमे, पोलीस ठाण्याचे नाव आणि गुन्हा नोंदवायला लागलेला वेळ हे सगळे ठळक. ही प्रत अवश्य सापडली पाहिजे. आपली चळवळ अत्याचार गावाच्या नावानेच लक्षात ठेवते. खैरलांजी म्हटले की २००६ आठवते, सोनई म्हटले की २०१३, खर्डा म्हटले की २०१४. शोधणाराही गावाचेच नाव टाकतो. अपवाद एकच: लैंगिक गुन्हा आहे आणि गावात आपली चार-पाचच घरे आहेत. तिथे गाव सांगणे म्हणजे घर सांगणे, तेव्हा तालुक्यावर किंवा जिल्ह्यावर थांबावे.

प्रकाशित करणे आणि नावाने सापडणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये एका गाजलेल्या खटल्यात मान्य केले. स्पेनमधले मारिओ कॉस्तेखा गोन्झालेझ यांच्या जुन्या कर्जापायी मालमत्तेचा लिलाव होणार होता. त्याची १९९८ मधली जाहिरात ‘ला व्हँग्वार्डिया’ या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर होती. कर्ज फिटले, तरी नाव टाकले की तीच वर येई. न्यायालयाने वृत्तपत्राचे पान तसेच राहू दिले, पण त्यांच्या नावाने शोधल्यावर ते दाखवू नये असे गूगलला सांगितले. खटल्यामुळे त्यांचे नाव जगभर झाले, ही त्यातली विसंगती. भारतात या स्वरूपाचा सरसकट हक्क अजून बसलेला नाही, म्हणून आपल्याकडे ही काळजी प्रकाशकानेच, म्हणजे आपणच, आधी घ्यायची आहे.

जुना कागद वर राहतो

आम्हाला सर्वांत धोकादायक वाटते ती कालबाह्य मार्गदर्शिका. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुभाष काशिनाथ महाजन प्रकरणात ॲट्रॉसिटी कायद्यात गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीला वाट करून दिली आणि अटकेपूर्वी वरिष्ठांच्या मंजुरीची अट घातली. २ एप्रिलचा भारत बंद त्याविरुद्धच होता. संसदेने कलम १८-अ आणले आणि २० ऑगस्ट २०१८ पासून ते लागू झाले: गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागत नाही, अटकेला मंजुरी लागत नाही. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देशही मागे घेतले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १८-अ वैध ठरवले.

मधल्या पाच महिन्यांत भरपूर लेख, माहितीपत्रके आणि प्रश्नोत्तरे नेटवर आली. त्या वेळी ती अचूकच होती. आज तीच ‘ॲट्रॉसिटी प्राथमिक चौकशी’ असे टाकणाऱ्या तरुणाच्या हाती लागली, तर पोलीस ठाण्यात ‘आधी चौकशी करू, मग बघू’ म्हटल्यावर तो मान डोलावून परत येईल. अर्थसाहाय्याचेही तसेच. २०१४ च्या नियमांप्रमाणे रक्कम ७५ हजार ते साडेसात लाख होती, एप्रिल २०१६ च्या दुरुस्तीने ती ८५ हजार ते सव्वाआठ लाख झाली. जुनी पुस्तिका पाहून अर्ज करणारा आपला हक्क स्वतःच कमी मागतो.

जुने पान जुने आहे म्हणून मागे पडत नाही. उलट इतक्या वर्षांत त्याला अनेकांनी लिंक दिलेल्या असतात, म्हणून ते वर टिकते. यावर उपाय आहे. मार्गदर्शिकेचा पत्ता कायम एकच ठेवावा आणि मजकूर त्याच पत्त्यावर अद्ययावत करत राहावा. दर वर्षी ‘मार्गदर्शिका २०२३’, ‘मार्गदर्शिका २०२४’ अशी नवी पाने काढली की जुन्याची पुण्याई नव्याला मिळत नाही. जुने पान निकामी असेल तर ते कायमचे नव्या पत्त्याकडे वळवावे. त्याला तीनशे एक क्रमांकाचे रीडायरेक्ट म्हणतात. इतिहास म्हणून जुनी आवृत्ती ठेवायची असेल, आणि ती ठेवावीच, तर पहिल्या ओळीत ‘ही माहिती अमुक तारखेपर्यंतची आहे, नवी येथे पाहा’ असे लिहून त्या पानावर नोइंडेक्स लावावे. एकच मजकूर दोन ठिकाणी राहणार असेल तर ‘कॅनॉनिकल’ ही खूण मूळ पान कोणते ते इंजिनला सुचवते. प्रत्येक पानावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख हवी.

जे सापडायला हवे

पहिली अट युनिकोड. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. तो रूपांतरित करून घ्यावा, आणि जोडाक्षरे व ऱ्हस्व-दीर्घ हाताने तपासावेत. स्कॅन केलेल्या पानांवर ओसीआर चालवता येते, मात्र त्याच्या चुका सुधारायला माणूस बसवावा लागतो. महत्त्वाची माहिती पीडीएफऐवजी साध्या वेबपानावर द्यावी. ते मोबाइलवर उघडते आणि डेटाही कमी खाते. बाबासाहेबांच्या १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’चा पाठ प्रा. फ्रान्सेस प्रिचेट यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मजकूर म्हणून ठेवला आहे. त्यातले एखादे वाक्य शोधले तरी पानापर्यंत जाता येते. फोटोंच्या पीडीएफमध्ये ही सोय नसते.

शब्द निवडताना आपला आणि शोधणाऱ्याचा शब्द वेगळा असू शकतो. आपण ‘बौद्ध’ म्हणतो, शासनाच्या योजनांत ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असते. ‘नवबौद्ध’ हा शब्द अनेकांना खटकतो, आम्हालाही खटकतो. पण विद्यार्थी अर्जावर तोच वाचून तोच टाकतो, म्हणून पानात एकदा तरी तो यायला हवा. तसेच ‘ॲट्रॉसिटी’तला पहिला ‘ॲ’. तो एकाच अक्षराने लिहिता येतो किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. सर्च इंजिन बरेचदा सांभाळून घेते, आपल्याच संकेतस्थळावरचा शोध मात्र घेत नाही. पुष्कळ लोक मराठी शब्द रोमन लिपीतही टाकतात. पानाच्या वर्णनात तीही रूपे द्यावीत. शीर्षक ‘महत्त्वाची सूचना’ असे ठेवू नये. ‘बौद्ध विद्यार्थ्यांसाठी जातीचा दाखला: लागणारी कागदपत्रे’ असे ठेवावे.

मग सर्व पानांच्या पत्त्यांची यादी, म्हणजे साइटमॅप, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये द्यावी. ही सेवा मोफत आहे. लोक कोणते शब्द टाकून आपल्याकडे आले हेही तिथे दिसते, आणि ते वाचणे हेच एक छोटे सामाजिक सर्वेक्षण असते. बिंगचे असेच वेगळे साधन आहे.

आधीच बाहेर पडले असेल तर

प्रथम तपासावे. गूगलवर ‘साइट’, मग कोलन आणि मोकळी जागा न सोडता आपल्या संकेतस्थळाचा पत्ता टाकला की सूचीत असलेली आपली पाने दिसतात. संस्थेतल्या चार-पाच जणांचे मोबाइल नंबर अवतरणचिन्हांत टाकून पाहावेत.

नको असलेली फाइल सापडली तर क्रम महत्त्वाचा. आधी ती सर्व्हरवरून काढावी किंवा पानावर नोइंडेक्स लावावे, मग सर्च कन्सोलमधल्या ‘रिमूव्हल्स’मधून विनंती करावी. ही विनंती निकाल सुमारे सहा महिनेच लपवते. मूळ फाइल जागेवर असेल तर ती मुदत संपल्यावर परत दिसू लागते. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर आपला पत्ता किंवा नंबर असेल, तर तो निकालातून काढण्याची विनंती व्यक्तीला स्वतः गूगलकडे करता येते. ही सोय २०२२ पासून आहे. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर प्रत गेलेली असू शकते, त्यांना ईमेल करून ती काढायला सांगता येते. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड झालेली पीडीएफ मात्र परत येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणारे बॉट हा अलीकडचा भाग. ओपनएआयचा ‘जीपीटीबॉट’ आणि गूगलचे ‘गूगल-एक्स्टेंडेड’ यांना रोबोट्सच्या फाइलमध्ये वेगळी सूचना देता येते, आणि तीही पाटीच असते. मार्गदर्शिकांसाठी आम्ही त्यांना अडवणार नाही. बरोबर माहिती तिथेही पोचलेली बरी.

हे सगळे करायला सर्च कन्सोल, डोमेन आणि होस्टिंग यांचे पासवर्ड हाताशी लागतात. अनेक संस्थांत ते कधी काळी साइट बनवून दिलेल्या एका मुलाच्या खाजगी ईमेलवर असतात, आणि तो आता नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असतो. खाती संस्थेच्या ईमेलवर घ्यावीत, निदान दोन जणांना मालकी द्यावी आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या वहीत लिहून ठेवावी.